अंगरख्याच्या आत कोरडं कसं राहायचं: सोलापूरच्या उन्हात जड पोशाख घालणाऱ्यांसाठी

मिरवणूक संपली की अंगरखे उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे असतं. गेल्या शिवजयंतीला एक मखमली अंगरखा उलटा करून मी त्याचं अस्तर बादलीवर धरून पिळलं, तर अक्षरशः धार लागली. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ उमटली होती. तो अंगरखा घालून पोरगा तीन तास घोड्यावर बसला होता. खाली उतरल्यावर त्याचे पाय लटपटत होते आणि तरी तो म्हणत होता, "काही नाही अण्णा, लई भारी वाटलं."

मी गणवेश शिवणारा शिंपी. दिवसा मशिनवर शाळांचे शर्ट-पँट आणि संध्याकाळी मंडळांचे पोशाख, असं गेली पंधरा-सोळा वर्षं चाललंय. मावळे, सरदार, जिजाऊ, ताराराणी, गणपतीतले जिवंत देखावे, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि अलीकडे लग्नाच्या दारात पाहुण्यांना हात मिळवणारी अस्वलं. पोशाख दिसायला कसा हवा यावर मंडळात महिनाभर बैठका होतात. आतला माणूस किती वेळ तग धरेल, हा विषय कुणी काढत नाही. म्हणून मला जे जमलं, जे चुकलं आणि चुकून जे कळलं, ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी माठाकडे बघा

माठातलं पाणी गार का होतं? पाणी मातीतून पाझरतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. त्याच माठाला प्लास्टिकची पिशवी गच्च गुंडाळून ठेवा. पाझरेल तेवढंच, पण पाणी गार व्हायचं नाही. माणसाच्या अंगाचंही हेच आहे. अंग गार होतं ते घाम वाळताना. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच घाम ठिबकून बुटात गेला तर जवळजवळ काहीच नेत नाही. उन्हात अंगमेहनत करणाऱ्या मोठ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. मखमल, फोम, रेक्झिन, सॅटिनचं अस्तर ही सगळी त्या माठावरची पिशवी आहे.

त्यामुळे घाम थांबवायच्या मागे लागू नका. त्याला वाळायला वाट करून द्या. आपल्याकडे याबाबतीत एक सोयही आहे. मार्च ते मे सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो खरा, पण हवा कोरडी असते. धुतलेली चादर गच्चीवर बघता बघता खडखडीत होते. ही हवा घाम प्यायला तयार बसलेली असते, फक्त ती अंगापर्यंत पोचली पाहिजे. गणपती विसर्जनाच्या सुमारास उलटं असतं. ऊन कमी, पण हवा दमट, आणि घाम वाळता वाळत नाही. तेव्हा पोशाखात कितीही फटी ठेवल्या तरी वेळ कमी करणं हाच खरा उपाय.

आठ-दहा दिवस आधी: अंगाला सवय

वर्षभर दुकानात पंख्याखाली बसलेला माणूस एकदम दुपारी दोनला चिलखत घालून रस्त्यावर उतरला तर त्याचं अंग गोंधळणारच. उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जायला लागतं. लेझीम किंवा ढोलाचा सराव चालू असेल तर त्यालाच जोडून घ्या. पहिल्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या पाचव्या हिश्श्याएवढाच वेळ पोशाखात राहायचं, मग रोज तेवढाच वेळ वाढवायचा. तीन तासांची मिरवणूक असेल तर पहिला दिवस पस्तीस-चाळीस मिनिटांचा. घरचा जुना जाड कोट घालून सराव केला तरी चालतो.

ताप, जुलाब नुकते होऊन गेलेत, किंवा रक्तदाब, हृदय, मधुमेह यांच्या गोळ्या चालू आहेत, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोशाख अंगावर घ्यायचा नाही. काही गोळ्यांनी घाम कमी येतो, काहींनी पाणी लवकर निघून जातं. मंडळाच्या भिडेखातर हे लपवू नका.

अंगाला लागून काय घालायचं

सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यांत कमी पैसे इथेच लागतात.

जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलणाऱ्या भक्तांना नीट पाहा. ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेचा लांब रस्ता, खांद्या-कमरेवर नंदीध्वजाचा भार, आणि अंगात काय? पांढरी, सुती, सैल बाराबंदी. काजबटण नाही, बंदांनी बांधलेली. दोन बंदांच्या मधली फट चालताना उघडमीट करत राहते आणि वारा आत-बाहेर होतो. अंगमेहनत आणि कपडा यांचा मेळ आपल्याच गावात कधीचा घातलेला आहे.

पोशाख खालून मोकळा असेल, म्हणजे अंगरखा, शेरवानी, झगा, तर आत मलमलची सैल, अर्ध्या बाहीची बंडी घाला. चाटी गल्लीत किंवा कुठल्याही कापड दुकानात साधी मलमल मिळते. दोन मीटरमध्ये मोठ्या माणसाची बंडी आरामात बसते. बिनबाह्यांची बनियन घालू नका. तिच्यात काख उघडी राहते, आणि घामाचा सगळ्यांत वाईट मारा काखेतच असतो. बंडीला कॉलर नको, खिसा नको, शिवण चपटी हवी. पाठीवर जाड शिवण आली की पट्ट्याखाली ती घासून वळ उठतो.

पोशाख सगळीकडून बंद असेल, म्हणजे फोमचं अस्वल, वाघ, हत्ती, तर सुती बंडी उपयोगाची नाही. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. आत हवाच नाही म्हटल्यावर ते वाळणार कधी? अर्ध्या तासात ओलं पोतं अंगाला चिकटल्यासारखं होतं. तिथे क्रिकेट-फुटबॉलवाली पोरं घालतात तसली पातळ, अंगाबरोबर बसणारी, पूर्ण बाह्यांची पॉलिएस्टर जर्सी आणि तसलीच घोट्यापर्यंतची तंग पँट घाला. ती घाम अंगावरून उचलून कापडभर पसरवते आणि बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत वाळते. शिंपी म्हणून मला सुताचा अभिमान आहे, पण इथे जर्सीच बरी.

दोन्ही प्रकारांत माणशी तीन संच ठेवा. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा पिशवीत. हे ऐकून मंडळाचे खजिनदार कपाळाला आठ्या घालतात. पण एका जिरेटोपाच्या खर्चात चार जणांच्या बंड्या होतात.

बंडी ओली करून घालावी का, हेही बरेच जण विचारतात. मोकळा पोशाख, कोरडी हवा आणि चालतं-फिरतं काम असेल तर जरूर. पिळून, नुसती दमट. पहिला अर्धा तास फार सुखाचा जातो. बंद पोशाखात मात्र कधीच नाही. तिथे तुम्ही आतल्या दमटपणात स्वतःहून भर घालता.

आता पाठीचा टॉवेल. सोलापुरी टेरी टॉवेलची कीर्ती आहे ती त्याच्या फासांमुळे. प्रत्येक फास पाणी धरतो. त्याचा हात पुसायचा नॅपकिन घ्या, लांबीत दोन घड्या घाला आणि बंडीच्या आतून पाठीच्या कण्यावर सोडा. वरचं टोक दोन-तीन बोटं मागच्या गळ्यातून बाहेर राहू द्या. त्यावर शेला आला की काही दिसत नाही. दर थांब्याला सोबत्याने ते टोक धरून भिजलेला नॅपकिन वर ओढून काढायचा आणि कोरडा आत सरकवायचा. अंगरख्याचा एक बंदही सोडावा लागत नाही. पहिल्यांदा करून पाहाल तेव्हा तो पोरगा "हाऽऽ" करून जो श्वास सोडतो, तो ऐकण्यासारखा असतो. एकच काळजी घ्या. नवा कोरा टॉवेल पाणी पीत नाही, त्याला दुकानातली झिलई असते. आधी दोनदा साध्या पाण्यात धुवा आणि कापड मऊ करणारं द्रव्य अजिबात घालू नका.

पोशाखातच करायच्या दुरुस्त्या

भाड्याच्या पोशाखात या करता येणार नाहीत, पण मंडळाचा स्वतःचा असेल तर एका दुपारचं काम आहे.

अस्तर बदला. बाजारात मिळणाऱ्या मखमली अंगरख्यांना चकचकीत सॅटिनचं अस्तर असतं, कारण ते स्वस्त पडतं आणि घालताना सरकन अंगात जातं. ते उसवून मलमल लावा. शक्यतो पूर्ण न शिवता टिचबटणांवर बसवा, म्हणजे मखमल न भिजवता नुसतं अस्तर धुता येतं.

काखेत फट ठेवा. बाही आणि अंग जिथे खाली जुळतात तिथली तीन-चार इंच शिवण उसवा आणि कडा दुमडून टिपून घ्या. हात खाली असताना ही फट दिसत नाही. हात वर केला, तलवार उगारली की भात्यासारखी हवा आत जाते. काखेत अशी फट ठेवायची रीत जुन्या अंगरख्यांना होती. आपण यंत्राच्या शिवणीच्या हौसेपायी ती बंद केली. ज्यांना फट नको त्यांनी काखेत दुमडपट्टीचे सुती पॅड टाचून घ्यावेत, चंद्रकोरीच्या आकाराचे, प्रयोगागणिक बदलायचे.

चिलखताला फोमची शीट लावू नका. पत्र्याचं असो की प्लास्टिकचं, ते टोचू नये म्हणून आतून फोम चिकटवायची पद्धत पडली आहे. फोमला हवा पारखी. चिलखताखाली जाड सुती, शिवणी घातलेलं कापड घालत तेच बरं होतं. मी सुती बंडीवर बोटभर जाडीच्या कापडी नाड्या उभ्या शिवतो, पाठीवर सहा, छातीवर चार, मधे दोन-दोन बोटं जागा सोडून. चिलखत नाड्यांवर टेकतं आणि मधल्या पन्हाळींतून हवा खालून वर चढते. याहून सोपं हवं असेल तर मोटरसायकलच्या सीटवर घालायचं जाळीचं कव्हर आणा. त्या कापडाला दोन जाळ्या आणि मधे उभे धागे असतात, दाबलं तरी हवेची जागा राहते. खांद्यांवर, पाठीवर त्याचे तुकडे टाचा. धातूचं चिलखत उन्हात तव्यासारखं तापतं, म्हणून मिरवणूक थांबली की त्या माणसाला पहिल्यांदा सावलीत घ्या.

आणि बांधणी. यावर मी एक दिवस फार मोठी किंमत मोजता मोजता वाचलो. एप्रिलमधली मिरवणूक होती. आमच्याच गटातला एक विशीतला पोरगा चिलखत घालून चालत होता आणि चालता चालता खाली बसला. भोवती वीस जण जमले, कुणी कागदाने वारा घालतंय, कुणी तोंडावर पाणी मारतंय. चिलखत काढायला गेलो तर मागच्या नाड्यांना मीच दुहेरी गाठी मारल्या होत्या, सुटू नयेत म्हणून! घामाने भिजून त्या लोखंडासारख्या झालेल्या. शेवटी समोरच्या किराणा दुकानातून कात्री आणून कापल्या. पोरगा सावरला, पण ती चार-पाच मिनिटं मला आजही आठवतात. तेव्हापासून नियम केला: कुठलाही पोशाख बाहेरच्या माणसाला अर्ध्या मिनिटात उतरवता आला पाहिजे. सरकफास गाठ, वेल्क्रो, नाहीतर मोठे हूक. आणि सोबत्याच्या खिशात कात्री.

डोकं

जिरेटोप, पगडी किंवा टोपाखाली थेट केस नकोत. त्याखाली मलमलची घट्ट टोपी किंवा चौकोनी फडकं बांधा आणि कपाळावर टेरी कापडाची दोन बोटं रुंद पट्टी. ती पट्टी भुवयांत उतरणारा घाम अडवते. घाम डोळ्यात गेला की डोळे चुरचुरतात, माणूस हाताने चोळतो आणि रंगभूषा गालावर येते. पुठ्ठ्यावर मखमल चढवलेला जिरेटोप असेल तर जरीच्या पट्टीखाली लपतील अशी आठ-दहा भोकं दाभणाने पाडा आणि आतून चार ठिकाणी त्या जाळीच्या कापडाचे तुकडे चिकटवा. टोप डोक्यावर टेकण्याऐवजी त्या तुकड्यांवर बसतो.

दाढी-मिशा स्पिरिट गमने लावायच्या असतील तर आधी त्वचा कोरडी करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या, तेलकट त्वचेवर गम धरत नाही. घाम आला की पुसायचं नाही, मलमलच्या घडीने टिपायचं. चष्मा घालणाऱ्यांनी काचांना भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसून टाकावा. वाफ धरत नाही.

अस्वल, वाघ आणि बाकीचे मुखवट्याचे पोशाख

हे काम करणारी पोरं बहुतेक कॉलेजची किंवा हातावर पोट असलेली. मे महिन्यातलं लग्न, कार्यालयाच्या दारात ऊन, आणि आत फोमचं डोकं. या मुलांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण त्यांचा चेहराच कुणाला दिसत नाही. चेहरा लाल झाला, पांढरा पडला, डोळे फिरले, बाहेरच्याला काय कळणार?

डोक्याच्या आत हवा खेळवायला दोन छोटे पाच व्होल्टचे पंखे पुरतात, संगणकात असतात तसले. बरेच जण एकच पंखा तोंडावर मारतात. तो नुसती आतलीच ओली हवा फिरवत राहतो. एक पंखा हनुवटीजवळच्या जाळीतून बाहेरची हवा आत घेणारा बसवा आणि दुसरा टाळूजवळ, कानामागे वगैरे, आतली हवा बाहेर फेकणारा. गरम हवा वरच जाते, तिला वरूनच वाट द्यायची. हे दोन पंखे दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर मिरवणूकभर चालतात. पॉवर बँक अंगाला लावू नका, पोशाखाच्या बाहेरच्या बाजूला शिवलेल्या खिशात ठेवा. घामात भिजलेली किंवा फुगलेली बॅटरी वापरायचीच नाही. पंख्याच्या पात्यांवर जाळी हवी, नाहीतर केस अडकतात.

बर्फाचं जाकीट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या गोठवून, नॅपकिनमध्ये गुंडाळून, छाती-पाठीवरच्या कापडी खिशांत घाला. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, चटका बसतो. बाटल्या वितळल्या की लगेच काढा, नाहीतर ते नुसतं ओझं.

घासणं आणि खाज

मांड्यांची आतली बाजू, काखा, कमरपट्ट्याची रेघ, स्तनाग्रं, टाचा. आंघोळीनंतर पूर्ण कोरडं होऊन इथे पेट्रोलियम जेलीचा पातळ थर चोळा. खोबरेल तेलही चालतं, पण ते लवकर जिरतं आणि मखमलीला डाग पाडतं. पावडर मारायची तर कोरड्या अंगावर, जेलीच्या जागा सोडून, अगदी थोडी. घामात पावडरीचे गोळे होतात आणि तेच कातडी सोलतात. त्या दिवशी सकाळी काख किंवा मांड्यांवर वस्तरा फिरवू नका. घामविरोधी रोल-ऑन लावायचं असेल तर आदल्या रात्री कोरड्या काखेत लावा, तेव्हा ते चांगलं लागू पडतं. ते काखेपुरतंच, अंगभर नको, अंगाचा घाम आपल्याला हवाच आहे.

मोजडीत अनवाणी पाय घालायची हौस फोडांवर जाते. त्वचेच्या रंगाचे पातळ मोजे घाला, एक जोड जादा ठेवा.

पाणी, मीठ, जेवण

तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. पोशाखात असताना दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आत-बाहेर. एकदम लोटाभर ढोसून उपयोग नाही, आणि तासाला दीड लिटरच्या वर जाऊही नका, नुसतं पाणी फार झालं तर अंगातलं मीठ पातळ होऊन उलटाच त्रास होतो. दोन तासांहून जास्त वेळ असेल तर मधे मीठ-साखरेचं काहीतरी हवं. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालायची, दाट केलं की लवकर काम करतं असं नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. ताक, मीठ घातलेलं लिंबू सरबत, पन्हं हेही चांगलं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच. थंडपेयाच्या बाटल्या आणि चहावर चहा यांनी भागवू नका. दारूचा तर आदल्या रात्रीही थेंब नको.

दोन-अडीच तास आधी भाकरी, शेंगाचटणी, दही असं साधं जेवण करून घ्या. रिकाम्या पोटी उभं राहणाऱ्यांना आधी भोवळ येते.

लघवीचा रंग बघत जा. फिकट पिवळा ठीक, गडद झाला की पाणी कमी पडतंय.

इथे बायका-मुलींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जिजाऊ, ताराराणी, झाशीची राणी झालेल्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, का, तर नऊवारी आणि दागिने चढवल्यावर लघवीला जायचं कसं आणि कुठे? हा त्यांचा दोष नाही, आयोजकांचा आहे. मिरवणुकीच्या रस्त्यावर कुणाच्या घरी, शाळेत, दुकानात स्वच्छतागृह वापरायला मिळेल हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि सोबत एक बाई द्या. पोशाख शिवलेली नऊवारी असेल तर कमरेला नाडीऐवजी हूक ठेवा, म्हणजे पाच मिनिटांत सगळं उरकतं. आमच्या गटात हे ठरवून केल्यापासून मुली मोकळेपणाने पाणी पितात, आणि डोकं दुखल्याची तक्रार जवळजवळ बंद झाली.

घड्याळ आणि सोबती

प्रत्येक जड पोशाखाला एक सोबती. त्याच्याकडे पाण्याची बाटली, दोन नॅपकिन, कात्री, घड्याळ. त्याचं दुसरं काही काम नाही, मोबाईलवर शूटिंग करणं तर नाहीच.

माझी मापं अशी आहेत. बंद मुखवटा, एप्रिल-मे: १५ मिनिटं आत, किमान तेवढीच बाहेर, सावलीत, डोकं आणि वरचं अंग उघडं करून. हिवाळ्यात संध्याकाळी आत अर्धा तास चालतो. मोकळा अंगरखा: पाऊण तासाला दहा मिनिटांचा थांबा, बंद सैल, टोप खाली. लहान मुलं: आतला वेळ याच्या निम्मा, कारण ती खेळाच्या भरात सांगत नाहीत. स्नेहसंमेलनात तर मुलांना तीन तास आधी सजवून बसवतात. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं मोठं सभागृह असलं तरी पडद्यामागे गर्दीत हवा कोंदटच. अंगरखा अंगावर चढवायचा तो आपल्या नाटुकल्याच्या आधी पंधरा-वीस मिनिटं.

मुखवट्यातल्या माणसाचा आवाज बाहेर येत नाही, म्हणून खूण ठरवा. आमची खूण म्हणजे दोन्ही हात डोक्यावर. खूण दिसली की प्रश्न विचारायचे नाहीत, फोटोची रांग कितीही लांब असो, थेट सावलीत न्यायचं. आणि सोबत्याने दर पाच मिनिटांनी स्वतःहून विचारायचं, "नाव सांग, कुठल्या चौकात आहोत?" टिळक चौकात उभा असलेला माणूस पार्क चौक म्हणाला तर तिथेच काम थांबवायचं.

त्रास झाला तर

डोकं ठणकणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, भोवळ, खूप घाम आणि थंडगार चिकट कातडी: ही उन्हाच्या त्रासाची पहिली पायरी. पोशाख उतरवा, सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, मान-काखांना ओले नॅपकिन, वारा घाला, शुद्धीवर असेल तर घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा पोशाख नाही.

बडबड, ओळख न पटणं, अडखळत बोलणं, झटका, बेशुद्धी, अंग भट्टीसारखं तापलेलं: हा उष्माघात. घाम येत असला तरी असू शकतो, "घाम येतोय म्हणजे बरा आहे" असं समजू नका. १०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी अंग थंड करायला घ्यायचं. पोशाख कापून काढा, मखमलीचा विचार नको. मिळेल त्या पाण्याने पूर्ण भिजवा, मान, काखा, जांघेत नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ लावा, जोरात वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, तापाची गोळीही नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं थांबवू नका, त्यातलं एकेक मिनिट मोलाचं असतं.

उतरवल्यावर

घामेजल्या अंगावर एकदम एसीत बसू नका, आधी कोरडे व्हा. साध्या पाण्याने आंघोळ, कातडीच्या घड्या पुसून कोरड्या, सैल सुती कपडे. घामोळं बहुधा काही दिवसांत जातं. गोल, लाल, कडेने वाढत जाणारा चट्टा दिसला तर तो नायटा, आणि त्याला औषधाच्या दुकानातलं मिळेल ते मलम लावू नका. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं, आधी बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आतली बंडी, टोपीखालचं फडकं, मोजे ज्याचे त्याचेच. मी प्रत्येकाच्या बंडीवर मागच्या गळ्याला रंगीत धाग्याने त्याच्या नावाचं अक्षर घालतो.

पोशाख त्याच रात्री उलटा करून टांगा, गाठोडं बांधून ठेवलं की सकाळपर्यंत बुरशीचा वास धरतो. अस्तरावर सर्जिकल स्पिरिट आणि पाणी अर्धं-अर्धं करून फवारा, आधी कोपऱ्यात रंग जातो का पाहून, आणि विडी, उदबत्ती, शेगडी लांब ठेवून. जरीवर ना स्पिरिट, ना अत्तर, जर काळी पडते. सुटं केलेलं अस्तर साबणाच्या पाण्यात धुवा. दुसऱ्या दिवशी मखमल सावलीत, अस्तराची बाजू कोवळ्या उन्हात. फोमचं डोकं पंख्यासमोर उलटं ठेवून पूर्ण दिवस. बोटाने आतला कानाकोपरा दाबून पाहायचा, थोडं जरी गार लागलं तरी अजून ओल आहे. पूर्ण वाळलं की जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून पेटीत, आणि तीन कोरड्या बंड्या वरतीच, पुढच्या वेळी पहिल्यांदा हाताला लागतील अशा.